वक्त्याचं नाव सर्वांत शेवटी

मुंबईच्या उपनगरात व्याख्यान ठेवायचं असेल तर आधी रविवारचा मेगाब्लॉक बघावा, मग क्रिकेटचा सामना आहे का ते बघावं, मग वसाहतीत त्या दिवशी कुणाकडे साखरपुडा किंवा बारसं आहे का याची चौकशी करावी. वक्त्याला फोन त्यानंतर. अंधेरी पूर्वेतल्या एका वसाहतीच्या मंडळाचे कार्यवाह हा क्रम समितीत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. बेस्टच्या वाहतूक विभागातून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मंडळाचा कार्यक्रम विभाग त्यांच्या गळ्यात पडला. महिन्याला एक व्याख्यान आणि एक संध्याकाळची सहल, एवढंच काम. ‘एवढंच’ हा शब्द त्यांना काम सोपवणाऱ्या अध्यक्षांचा.

त्यांच्या आधीचा शिरस्ता ठरलेला होता. समई, सरस्वतीचा फोटो, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, त्या ओळखीत पाहुण्यांना मिळालेले सगळे पुरस्कार, मग अध्यक्षांचे ‘दोन शब्द’. वक्ता बोलायला उभा राहीपर्यंत पाऊण तास उलटलेला असे आणि मागच्या रांगेतले निम्मे लोक घड्याळ बघू लागलेले असत. विषय जड, माणूस मोठा, सभागृह अर्धं रिकामं.

याची वंशावळ मोठी आहे, हे कार्यवाहांना माहीत होतं. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्याख्यानमाला तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. अंधेरीच्या शेजारी पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. लोकमान्यांना जाऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. गिरगावातून बाहेर पडून लोकलच्या मार्गावर नव्यानं वसणाऱ्या माणसांनी घरांपाठोपाठ शाळा, ग्रंथालय आणि सभेची जागा बांधली. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ, गोरेगावला केशव गोरे स्मारक ट्रस्ट, अशी ही साखळी उपनगरात पसरत गेली. या संस्थांकडे स्वतःची वास्तू आहे, वाचनालय आहे, कार्यालयात बसणारी माणसं आहेत. वसाहतीतल्या लहान मंडळाकडे यांतलं काहीच नसतं. असतात त्या सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सत्यनारायणाला वापरायचा ध्वनिवर्धक. तरी कार्यक्रमाचा आराखडा मात्र मोठ्या संस्थांचा उचललेला. कार्यवाहांच्या मते पहिली चूक तिथेच होती.

पहिल्या हंगामात समितीनं हट्टानं एका नामांकित नटाला बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या, बायका जिन्यात बसल्या, मुलं खिडकीच्या गजांना लटकली. पाहुणे दीड तास उशिरा आले, वीस मिनिटं बोलले आणि फोटो काढून घेऊन गेले. मानधनात मंडळाची वर्षभराची वर्गणी संपली. पुढच्या महिन्यात इतिहासाच्या एका प्राध्यापकांचं उत्तम व्याख्यान होतं. त्याला जेमतेम दोन रांगा भरल्या. नटाला बघायला आलेल्यांपैकी एकही नवा चेहरा त्यात नव्हता. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘‘आपल्या लोकांना गंभीर काही नकोच असतं.’’ कार्यवाहांना हे पटलं नाही. बेस्टमध्ये त्यांनी एक गोष्ट वर्षानुवर्षं पाहिली होती : एखाद्या मार्गावर प्रवासी नाहीत असं आगाराला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा बसची वेळ चुकलेली असते.

म्हणून त्यांनी वेळेपासून सुरुवात केली. व्याख्यान संध्याकाळी सातला असे. सात ही नोकरीवरून परतणाऱ्यांची वेळ असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात नोकरदार सातला दादर आणि वांद्र्याच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असतो. घरात असलेल्या बायकांची ती स्वयंपाकाची वेळ, आणि आजी-आजोबांची मालिकांची. कार्यवाह एका दुपारी इमारती-इमारतींत फिरून विचारून आले. एका वहिनींनी सरळ सांगितलं, ‘‘भाऊ, पाचला ठेवा. साडेसहाला मला कुकर लावायचा असतो.’’ व्याख्यान पाचला गेलं, साडेसहाला संपलंच पाहिजे असा दंडक झाला, आणि महिलांची हजेरी पाहता पाहता पुरुषांच्या पुढे गेली. विषय बदलले नव्हते, वक्तेही तेच होते.

चहाचं तसंच. चहा आणि बटाटेवडा शेवटी ठेवायचा, म्हणजे लोक शेवटपर्यंत थांबतात, हा सर्व मंडळांचा जुना हिशेब. कार्यवाहांनी चहा आधी दिला. साडेचारला किटली आली की माणसं साडेचारलाच जमू लागली. एकमेकांच्या गुडघ्यांची, सुनांची आणि मोतीबिंदूची चौकशी व्याख्यानाआधीच उरकली जाऊ लागली. पूर्वी तीच चौकशी मागच्या रांगेत, कुजबुजत, वक्ता बोलत असताना चाले.

ओळख करून देण्याचं काम त्यांनी तीन मिनिटांवर आणलं. यावर मात्र एक जुने पदाधिकारी वर्षभर रुसले. आपण लिहून आणलेली ओळख वाचू दिली नाही, हा अपमान त्यांनी बरेच दिवस बाळगला. अशा मंडळांत खरी भांडणं विषयावरून होत नाहीत. माईक कुणाच्या हातात, हार कुणी घालायचा आणि पत्रिकेत कुणाचं नाव वर, यावरून होतात. हा भाग सांगताना कार्यवाह हसत नाहीत. दोन चांगली माणसं मंडळ सोडून गेली, ती याच कारणांनी.

प्रश्नोत्तरांची गोष्ट वेगळी. हृदयविकारावर बोलायला डॉक्टर आले की पहिला प्रश्न येई, ‘‘डॉक्टर, माझी एलडीएल एकशे साठ आहे, तर मी...’’ आणि मग खिशातून रिपोर्ट निघे. सगळी सभा एका माणसाच्या धमन्यांत अडकून पडे. तेव्हापासून प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता लिहून घ्यायची पद्धत पडली. तिचा फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला. मृत्युपत्रावरच्या व्याख्यानाला आलेल्या वकिलांनी साध्या भाषेत सांगितलं की १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, मात्र करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेतच. आणि फ्लॅटचा नॉमिनी म्हणजे त्याचा मालक नव्हे. चिठ्ठ्या उघडल्या तर त्यांत असे प्रश्न निघाले की जे त्या सभागृहात हात वर करून कुणीही विचारलं नसतं. ‘मुलानं सही घेतली आहे, ती रद्द करता येते का?’ अक्षर थरथरतं होतं. कुणाचं हे शोधायचा प्रयत्न कुणी केला नाही.

सहलींचा हिशेब निराळा आणि तो कार्यवाहांचा आवडता. संध्याकाळची सहल म्हटली की लोकांना वसई, गोराई आठवते. पण संध्याकाळी उत्तरेकडे निघणं म्हणजे ऑफिस सुटलेल्या अख्ख्या मुंबईबरोबर निघणं. दुपारी साडेचारची चर्चगेटकडे जाणारी लोकल मात्र मोकळी असते. येताना रात्री नऊनंतर चर्चगेटहूनच सुटणारी अंधेरी स्लो धरायची. सुरुवातीचं स्थानक असल्यानं बसायला जागा मिळते, आणि गाडी अंधेरीलाच संपत असल्यामुळे उतरताना धक्काबुक्की नाही, कुणी डब्यात राहून गेलं ही भीती नाही. फास्ट लोकलनं वीस मिनिटं वाचतात, पण सत्तरीच्या माणसाला फास्टमधून उतरवणं म्हणजे काय, हे ज्यानं उतरवलं आहे त्यालाच ठाऊक.

याच हिशेबानं मंडळाचे लोक ओव्हल मैदान बघून आले. एका बाजूला १८७८चा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, टोकाला १९३८चं इरॉस चित्रपटगृह. या दोन्ही काळांच्या इमारतींना मिळून युनेस्कोनं २०१८ साली जागतिक वारसा ठरवलं. आयुष्यभर त्या मैदानाच्या कडेनं लगबगीनं ऑफिस गाठलेले कितीतरी लोक त्या सहलीत होते. तीस-पस्तीस वर्षं मंत्रालयात काढलेले एक काका म्हणाले, ‘‘मी या इमारतींना कधी मान वर करून बघितलंच नाही, खाली बघून चालायचो, नाहीतर मस्टर चुकायचं.’’

गेटवेजवळून सुटणाऱ्या, उघड्या टपाच्या ‘नीलांबरी’ बसची सहल तर इतकी लोकप्रिय झाली की तिला प्रतीक्षायादी असे. १९९७ साली आलेली ही डबलडेकर बस ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली. त्याच्या थोडं आधी, १५ सप्टेंबर २०२३ रोजी, मुंबईतली जुन्या पद्धतीची शेवटची डिझेल डबलडेकर धावली, तीही अंधेरीतून : आगरकर चौक ते सीप्झ, मार्ग ४१५. कार्यवाहांनी त्याआधीच्या दिवसांत मंडळाची सहल जाहीर केली होती. ठिकाण : ४१५चा वरचा मजला. बेस्टचं किमान भाडं तेव्हा ५ रुपये होतं. सीप्झपर्यंत जायचं, उतरायचं, कटिंग घ्यायचा आणि त्याच मार्गानं परत. समितीतल्या काहींना ही थट्टा वाटली. प्रत्यक्षात वरच्या पुढच्या सीटसाठी आजोबा मंडळींत जी चुरस झाली ती सोडवायला कार्यवाहांना आपला जुना खाकी आवाज काढावा लागला.

घराजवळचं काही बघायचं, हे सूत्र तिथून पक्कं झालं. अंधेरीकर बदामीची लेणी बघून येतो, वेरूळ दोनदा बघतो, आणि महाकाली केव्ह्ज रोडवर राहून महाकालीची लेणी बघत नाही. कोंडिविट्याच्या टेकडीवर एकोणीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या नवव्या लेण्यात दगडातच कोरलेली गोल खोली, तिला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप आहे. बिहारमधल्या बराबर टेकड्यांवरच्या सुदामा गुंफेशी तिचं नातं सांगतात. महाराष्ट्रात असा नमुना विरळा. मंडळानं आधी एका अभ्यासकांचं सचित्र व्याख्यान ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात सहल. व्याख्यानाला लोक पेंगले. सहलीत मात्र प्रश्नांचा पाऊस पडला आणि उत्तरं द्यायला अभ्यासक बरोबर नव्हते.

पुढच्या वेळी क्रम उलटा केला. विषय होता गिल्बर्ट हिल. अंधेरी पश्चिमेला इमारती आणि झोपड्यांच्या गराड्यात उभा असलेला हा काळ्या बेसॉल्टचा उभट कडा सुमारे ६१ मीटर उंच आहे, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहिला त्या काळातला. १९५२ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी भोवतीच्या खाणकामानं आणि बांधकामानं तो चहूबाजूंनी कुरतडला गेला. असाच उभट असलेला अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर १९०६ साली त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक ठरला आणि त्याच्याभोवती आज मोकळं रान आहे. मंडळाचे लोक आधी कड्यापाशी गेले. गुडघे ठीक असलेले पायऱ्या चढून गावदेवीचं दर्शन घेऊन आले. न चढू शकणारे पायथ्याशी खुर्च्यांवर बसले आणि भूशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षिका त्यांच्याजवळ थांबल्या. वर गेलेल्यांना नजारा मिळाला, खाली थांबलेल्यांना दगडाची गोष्ट. दोन दिवसांनी त्याच बाईंचं व्याख्यान झालं, तेव्हा अख्खं सभागृह जागं होतं. आधी डोळ्यांनी बघितलेलं मग कानांनी ऐकायचं, हा क्रम तेव्हापासून मोडलेला नाही.

सहलींच्या आणखी काही गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत. स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी जाऊन बघून यावं लागतं. नकाशावर दाखवलेलं निम्म्या वेळा कुलूपबंद असतं. बायका सहलीला येत नाहीत याचं कारण संकोचानं न सांगितलेलं हेच असतं, आणि ते कळल्यावर मंडळाच्या सूचनापत्रात ‘स्वच्छतागृहाची सोय आहे’ ही ओळ ठिकाणाच्या नावाखाली छापली जाऊ लागली. निघायची वेळ पत्रकात पंधरा मिनिटं आधीची लिहायची. आणि एकाच्या मागे एक चालताना सर्वांत मागे समितीचा माणूस हवा, पुढे नव्हे. पुढे जायला उत्साही मंडळी असतातच.

मंडळाचा कार्यक्रम खऱ्या अर्थानं बदलला तो पैसे नव्हते म्हणून. एका वर्षी गंगाजळी इतकी आटली की बाहेरचा वक्ता परवडेना. तेव्हा कुणीतरी सुचवलं, आपल्यातलाच कुणी का बोलू नये? तळमजल्यावर राहणारे एक तात्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तात्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. लालबागची खोली विकून ते अंधेरीला आले. वसाहतीत इतकी वर्षं राहून त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. ते स्टेजवर चढायला तयार होईनात. मग खुर्ची खाली, लोकांमध्येच मांडली. पिशवीतून त्यांनी जपून ठेवलेला धोटा काढला. धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं, तेव्हा कापसाची बारीक धूळ छातीत कशी जायची. शेकडो साचे एकदम चालू असताना माणसं ओठांच्या हालचालीवरून कसं बोलायची. बदली कामगार सकाळी दारात उभा राहून कुणी गैरहजर राहावं अशी वाट कशी बघायचा. तात्या जवळजवळ दोन तास बोलले. साडेसहाचा दंडक मंडळाच्या इतिहासात तेवढ्या एकाच दिवशी मोडला.

त्यानंतर रांग लागली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केलेल्या एक मावशी, विमानतळावर सामान चढवणारे एक गृहस्थ, आणि वेसाव्याहून लग्न होऊन वसाहतीत आलेल्या एक कोळी आजी. आजींच्या बोलण्यातून सहलीला एक कायमचं शास्त्र मिळालं. शिवडीच्या दलदलीत फ्लेमिंगो बघायला मंडळ पूर्वी दोनदा फसलं होतं. एकदा पाणी इतकं भरलेलं की पक्षीच नाहीत, एकदा इतकं ओसरलेलं की पक्षी गुलाबी ठिपक्यांएवढे दूर. आजी म्हणाल्या, ‘‘तिथी बघत नाय का तुम्ही? तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. येल ती भरतीची येळ.’’ द्वादशीला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. नऊला भरती, तीनच्या सुमारास ओहोटी, आणि पाचपर्यंत पाणी चढू लागतं तसे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. हिशेब ढोबळ आहे, पण संध्याकाळच्या सहलीला पुरतो. कार्यवाहांनी घरच्या कालनिर्णयवर हिवाळ्यातल्या द्वादश्या लाल पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या. आता त्या दलदलीवरून जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला अटल सेतू जातो, आणि मंडळाचा ओढा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे वळला आहे. भरतीचा हिशेब तिथेही लागतोच.

आपण काही नवीन केलं असं कार्यवाहांना वाटत नाही. फ्रान्समधल्या तुलूझमध्ये १९७३ साली निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ निघालं. ते विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या आधारानं चालत होतं. आठ-दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये ही कल्पना पोहोचली तेव्हा तिथल्यांनी प्राध्यापकांना बाजूला ठेवलं आणि सभासदच सभासदांना शिकवू लागले. परीक्षा नाही, पदवी नाही. जवळचं उदाहरण ठाण्याचं. नौपाड्यातल्या उद्यानात दर बुधवारी भरणारा आचार्य अत्रे कट्टा पाहायला कार्यवाह मुद्दाम गेले होते. उघड्यावर, झाडांखाली, तिकीट नाही, आणि आठवड्याचा वार कधी बदलत नाही. वार ठरलेला असला की निमंत्रणाची गरज उरत नाही, हे त्यांनी तिथून उचललं. मंडळाचा पहिला शनिवार व्याख्यानाचा, तिसरा सहलीचा. पत्रिका छापणं बंद झालं आणि पत्रिकेवरून होणारी भांडणंही.

अडचणी मात्र ठरवून येत नाहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा सोसायटीच्या तळघरात ठेवलेली मंडळाची पुस्तकं गेली. जुन्या व्याख्यानांच्या ध्वनिफितींचा लगदा झाला. त्यानंतर जून ते ऑगस्ट बाहेरची सहल नाही आणि बाहेरगावचा वक्ता नाही असा नियमच झाला. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि व्याख्यानं झूमवर गेली. अमेरिकेतली मुलं-सुना जोडल्या गेल्या, आकडा फुगला, समिती खूश झाली. कार्यवाह नव्हते. ज्यांना या गप्पांची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्याकडे साधा फोन होता. मग समितीतल्या माणसांनी इमारती वाटून घेतल्या आणि दर शनिवारी पाच वाजता त्या लोकांना नुसता फोन लावायचा, असं ठरलं. १५ ऑगस्ट २०२१पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तरी पहिल्या सहलीला माणसं भीत भीतच आली. काही खुर्च्या कायमच्या रिकाम्या झाल्या होत्या.

पुलाची गोष्ट तर अंधेरीबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. ७ नोव्हेंबर २०२२ला गोखले पूल बंद झाला आणि अंधेरीचे पूर्व-पश्चिम असे दोन देश झाले. मंडळाचे पश्चिमेकडचे सभासद येईनासे झाले. रिक्षावाला नाव ऐकताच मान फिरवायचा. पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला उघडली, पूर्ण पूल मे २०२५मध्ये. मधल्या काळात पश्चिमेकडच्यांनी आपली वेगळी बैठक सुरू केली. ती चांगली चालली म्हणून पूल उघडल्यावरही ते परतले नाहीत. वेगळं होण्याला नेहमी भांडणच लागतं असं नाही.

त्यापाठोपाठ सोसायटीचं सभागृह गेलं. इमारत पुनर्विकासाला निघाली. राज्य सरकारनं २००९ साली सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासासाठी काढलेल्या आणि २०१९मध्ये सुधारलेल्या निर्देशांवर मंडळानंच कधी काळी दोन व्याख्यानं ठेवली होती. त्यातून शहाणे झालेल्या सभासदांनी विकासकाला भरपूर प्रश्न विचारले, चटईक्षेत्र वाढवून घेतलं, पार्किंग मिळवलं. करारात सभागृहाचं क्षेत्रफळ लिहून घ्यायचं तेवढं राहिलं. नव्या मनोऱ्यात जिम आहे. व्याख्यान सध्या कधी देवळाच्या सभामंडपात होतं, कधी महापालिका शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर. कोजागरीचा कार्यक्रम गच्चीवर होतो, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे दहाला माईक बंद होतो. मसाला दूध त्यानंतर, बिनमाईकच्या गाण्यांबरोबर.

एवढं होऊनही काही संध्याकाळी अशा येतात की सगळा खटाटोप वसूल होतो. सायबर फसवणुकीवर बोलायला पोलीस अधिकारी आले होते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाहीच, फसवणूक झाली तर ताबडतोब १९३०वर फोन करा, अशी नेहमीची माहिती नेहमीच्या चित्रफितीसह दिली. लोक माना डोलवत होते. एवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. इंजिनियर म्हणून निवृत्त, वसाहतीत हुशार म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी आपले पैसे कसे गेले ते सांगितलं. दोन दिवस खोलीचं दार लावून, मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून ते बसले होते आणि बाहेर स्वयंपाकघरात बायकोला पत्ता नव्हता. ती बाजूलाच बसली होती. तिनंही हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी अधिकाऱ्याची चित्रफीत अर्धवट राहिली. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं कार्यवाहांच्या घरी आले, आपलंही असंच झालं आहे आणि तक्रार कशी करायची ते विचारायला.

प्रवास आता सोपा झाला आहे, हे मान्य करावं लागेल. जून २०१४पूर्वी घाटकोपरला नाटक बघायला जायचं म्हणजे ३४० नंबरच्या बसमध्ये साकीनाक्याला तासभर घाम गाळायचा. मेट्रो आली आणि अंधेरी-घाटकोपर वीसेक मिनिटांवर आलं. ऑक्टोबर २०२५पासून मरोळ नाक्याला भुयारी मेट्रोत बसून थेट हुतात्मा चौकात उतरता येतं. सरकते जिने, लिफ्ट आणि स्थानकात स्वच्छतागृह. कार्यवाहांचा चर्चगेट-अंधेरी स्लोचा सिद्धान्त त्यामुळे निकालात निघाला, आणि याचं त्यांना थोडं वाईट वाटतं. एसटीनं ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला, तेव्हापासून बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी स्थानकावरून निघणाऱ्या दिवसभराच्या सहली सुरू झाल्या. सहलीत सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं तिकीट सर्वांत स्वस्त, यावर मंडळात विनोदही भरपूर होतात.

न सुटलेला प्रश्न एकच आहे. समितीत आज पन्नाशीच्या आतलं कुणी नाही. तरुणांसाठी म्हणून शेअर बाजार, स्टार्टअप, ट्रेकिंग असे विषय ठेवून पाहिले. त्यांना तरुणांचे आईबाप आले. तरुण येतात ते आजीला सोडायला आणि न्यायला, दुचाकीवरून, इंजिन बंद न करता. त्यांना व्याख्यानाची गोडी नाही असं कार्यवाह म्हणत नाहीत. त्यांच्या संध्याकाळी अंधेरी आणि लोअर परळच्या मधल्या प्रवासात संपतात, आणि शनिवारी त्यांना झोप हवी असते, एवढं कार्यवाहांना दिसतं. पण खुर्च्या मांडायला, पायऱ्यांवर हात द्यायला, शाळेच्या मुख्याध्यापकांकडून वर्गाची किल्ली आणायला माणसं लागतात, आणि आता ती कमी पडू लागली आहेत. यंदा पहिल्या शनिवारी कार्यक्रम दोनदा रद्द झाला तो वक्ता न आल्यामुळे नव्हे. खुर्च्या उचलणारे दोघंही एकाच महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला गेले होते.

तेव्हा अंधेरीत काय किंवा मुलुंड-बोरिवलीत काय, ज्यांच्या वसाहतीत असं एखादं मंडळ अजून चालू आहे, ते व्याख्यान ऐकायला आले नाहीत तरी चालेल. महिन्यातून एका शनिवारी साडेचारला खाली उतरून खुर्च्या मांडून द्याव्यात.